मागे उभ्या असलेल्या बाईसाठी: बातम्यांच्या संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची यूट्यूब चॅनेलं चालवणाऱ्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

मी खानदेशातल्या एका सरकारी रुग्णालयात आयसीटीसीची समुपदेशक आहे. एचआयव्हीची तपासणी जिथे होते, आणि तपासणीच्या आधी व नंतर जिथे माणसाशी दार लावून बोललं जातं, ती ही खोली. तेरा वर्षं मी तिथे बसते आहे. कंत्राटी आहे, ऑर्डर दर वर्षी नव्याने निघते. या पत्राखाली माझं नाव नाही, तालुक्याचंही नाही. नोकरीची काळजी आहे, पण नाव न घालण्याचं कारण ते नव्हे. माझ्या नावावरून रुग्णालय कळेल, रुग्णालयावरून तो व्हिडिओ सापडेल आणि व्हिडिओत ती बाई दिसेल. तिच्यासाठीच हे पत्र लिहिते आहे आणि तिच्याविषयीच मला मोकळेपणाने लिहिता येत नाही. जे थोडं लिहिलं आहे, त्यातले तपशीलही तिला विचारून बदलले आहेत.

काय घडलं ते सांगते. तुमच्यातल्या एका वाहिनीचा प्रतिनिधी रुग्णाचा नातेवाईक बनून आमच्याकडे आला. शर्टाच्या बटणात कॅमेरा होता. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी येणाऱ्या लोकांकडून आमच्यातला एक कर्मचारी पैसे घेतो, हे त्याला पकडायचं होतं आणि त्याने ते पकडलं. बातमी खरी होती. अधू पोराला खांद्यावर टाकून आलेल्या बापाकडून दोन हजार रुपये घेणाऱ्या माणसाबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. मला लाज वाटते ती याची, की आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि आमच्यातल्या एकानेही तोंड उघडलं नव्हतं. ते काम तुमच्या माणसाने केलं.

पण पैसे हातात पडले ते आमच्या पॅसेजमध्ये, माझ्या खोलीसमोर. कर्मचाऱ्याच्या खांद्यामागे माझं दार दिसतं, दारावर एचआयव्हीची खूण असलेल्या लाल फितीचा फलक दिसतो आणि फलकाखाली भिंतीला टेकून उभी असलेली एक बाई दिसते. नऊ सेकंद. मी मोजले आहेत. वाहिनीच्या संकलकाने कर्मचाऱ्याच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलं, नोटांवर बाण लावला, पैसे देणाऱ्या आपल्या प्रतिनिधीचा आवाज बदलला. म्हणजे त्या चित्रावर बसून कुणीतरी काम केलं होतं. कुणाला दाखवायचं आणि कुणाला झाकायचं, याचा विचार केला होता. मागच्या बाईचा चेहरा मात्र जसा होता तसा गेला.

संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत ते दृश्य फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. तिसऱ्या दिवशी तिच्या गावातल्या कुणीतरी मोबाइलवर चित्र थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि फलक वाचला.

ती स्वतःसाठी आली होती की कुणाच्या सोबतीला, तपासणीला की आणखी कशाला, हे मी सांगणार नाही. आमच्याकडे प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होते. क्षयरोगाच्या रुग्णांना तपासणीसाठी पाठवलं जातं. त्या दारात उभं राहायला शंभर कारणं असतात. गावाला एकच सुचलं. बचत गटाच्या बैठकीत तिच्या हातचा चहा तसाच राहिला. ती जिथे स्वयंपाकाला जायची, तिथून 'थोडे दिवस येऊ नको' असा निरोप आला. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. पोरगा नववीत. ती माझ्यासमोर बसली तेव्हा रडली नाही, तक्रारही केली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मना पोरले मी काय सांगू?"

तेरा वर्षांत मी लोकांना अनेक प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. याचं मला देता आलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या खोलीसमोर स्वतःहून कुणी उभं राहिलं नाही. पाठवलेले लोक यायचे, तेही तोंडावर रुमाल, डोक्यावर पदर घेऊन. नियमित औषध घेणारी तीन माणसं ठरल्या तारखेला आली नाहीत. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, गोळी रोज घ्यायची असते. वरचेवर खंड पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. त्या तिघांना मी पुन्हा पुन्हा फोन केले. दोघं आली. तिसऱ्याने नंबर बदलला आहे. यांतलं कुणीही तुमच्या बातमीत नव्हतं, तरी त्यांच्यापर्यंत ती पोचली.

मी वाहिनीला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: 'सदर वृत्त व्यापक जनहितार्थ प्रसारित करण्यात आले असून त्यात कोणत्याही रुग्णाचे नाव उघड करण्यात आलेले नाही.' नाव उघड केलं नाही हे खरं आहे. दीड हजार वस्तीच्या गावात चेहऱ्याला नाव लागत नाही.

कुणी असं समजू नये की मी छुप्या कॅमेऱ्याच्याच विरोधात आहे. डिसेंबर २००५ मध्ये संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार कॅमेऱ्यात सापडले आणि ११ जणांची हकालपट्टी झाली. त्यातले दोघे आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या मतदारसंघांचे होते. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या ओट्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ज्यांना आपण दिल्लीला पाठवलं ते तिथे काय करतात, हे त्या कॅमेऱ्याशिवाय आम्हाला कुणी दाखवलं नसतं. पुढे त्या पत्रकारांनाच आरोपी करण्यात आलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो गुन्हा रद्द केला. योग्यच केलं.

आणि आरोग्य खात्यात काम करणाऱ्या बाईला तर छुप्या कॅमेऱ्याचं मोल कुणी शिकवायला नको. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. सोनोग्राफीच्या बंद खोलीत डॉक्टर गर्भाच्या लिंगाबद्दल काय बोलला, हे बाहेर कसं येणार? साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानाने गरोदर बायकांना सोबत घेऊन सापळे लावले. आम्ही त्याला डिकॉय केस म्हणतो. आत जाणारी बाई सगळं जाणून, राजी होऊन जायची. जे टिपलं जायचं ते खटला उभा करण्यासाठी. कॅमेरा तोच, लपवलेलाही तसाच. फरक एवढा की तिथे त्या खोलीतल्या बाईचा विचार आधी झालेला असायचा.

तुमच्याकडे माझ्या तक्रारी आहेत, त्या आता एकेक करून मांडते.

पहिली, जी सगळ्यात मोठी आहे. 'जनहित' हा शब्द तुम्ही सगळ्या चित्राला एकदम लावता. तो चेहऱ्यागणिक लावायला हवा. लाच घेणाऱ्याचा चेहरा दाखवण्यात जनहित आहे, मान्य. त्याच्या शेजारी चहा पिणाऱ्या शिपायाचा दाखवण्यात कोणतं? रांगेतल्या म्हाताऱ्याचा? दारातल्या बाईचा? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो माणसासोबत असतो, हेही त्या निकालात आहे. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, पण ते वाचताना मला आमचा पॅसेज आठवला. सरकारी रुग्णालयाचा पॅसेज सार्वजनिकच असतो. कुणीही येतं. ज्याला खासगी दवाखाना परवडतो तो तिथे उभा राहत नाही, म्हणून तुमच्या बटणातल्या कॅमेऱ्यासमोर नेहमी गरीबच मागे उभा सापडतो.

तुमच्या वाहिन्यांच्या संघटनेची आचारसंहिता मी वाचली. छुपं चित्रीकरण हा शेवटचा मार्ग असावा, गैरकृत्याचा ठोस पुरावा मिळवण्यापुरताच तो वापरावा, मूळ चित्रणात अशी काटछाट करू नये की सत्य बदलेल, असं तिच्यात लिहिलं आहे. चांगलं लिहिलं आहे. आमच्या रुग्णालयात तो शेवटचा मार्ग होता का? लाचलुचपत प्रतिबंधक खात्याकडे कुणी गेलं होतं का? पैसे दिलेल्या बापांपैकी एखादा उघडपणे बोलायला तयार आहे का, हे विचारलं होतं का? मी त्यातल्या दोघांना ओळखते. त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. आणि संघटनेचे सदस्यच नसलेल्या तालुक्या-तालुक्यातल्या चॅनेलांना तर ही संहिता लागूही होत नाही.

दुसरी तक्रार कायद्याची आहे. ती तुमच्याइतकीच कायदे करणाऱ्यांकडेही आहे, पण कायद्याच्या फटीतून तुम्ही जाता म्हणून तुम्हालाही सांगते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट संमतीशिवाय फोडायला त्यात बंदी आहे. मला तो पुरता बांधतो. माझी रजिस्टरं कुलपात असतात. मी रुग्णाला फोन करते तेव्हा दुसऱ्याने उचलला तर 'राँग नंबर' म्हणून ठेवून देते. बाजारात कुणी भेटलं तर आधी मी ओळख दाखवत नाही, त्यांनी दाखवली तरच हसते. माझ्या सख्ख्या भावाला माझ्या खोलीत कोण येतं हे तेरा वर्षांत कळलेलं नाही. हे सगळं बंधन दाराच्या आत. दाराबाहेर चार फुटांवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला कुणी काही सांगितलेलं नाही. मी तोंड उघडलं तर कायद्याचा भंग, तुम्ही फलकासकट चेहरा दाखवला तर बातमी.

बाकी कायदे पाहिले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई हे कलम शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्री खासगी कृतीत असताना तिचं चित्रण करण्याबद्दल आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची, तसंच बालन्याय कायद्याखालच्या मुलांची ओळख उघड करता येत नाही. आणि एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २४ वं. मानसिक उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असं ते सांगतं. म्हणजे रुग्णाच्या चेहऱ्याला संरक्षण असावं हे संसदेला सुचलेलं आहे. मग ते एकाच प्रकारच्या रुग्णाला का? क्षयरोगाच्या, कुष्ठरोगाच्या, गर्भपातासाठी आलेल्या, माझ्या दारातल्या माणसाने काय केलं आहे?

तिसरी तक्रार मी स्वतः भोगली आहे. ज्याची ओळख फुटली त्याने दाद मागायची तर आधी आपली ओळख द्यावी लागते. वाहिनीने मला कळवलं की बाधित व्यक्तीने स्वतःच्या सहीने, नाव-पत्त्यासह अर्ज करावा. ती कशी करणार? 'मी ती बाई' असं कागदावर लिहून द्यायचं, आणि तो कागद कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहील हे देव जाणे. या पेचातून वाट काढायला न्यायालय कधीच शिकलं आहे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक कामगार आला होता. एचआयव्ही आहे म्हणून त्याला काम नाकारलं गेलं होतं. न्यायालयाने त्याला टोपणनावाने खटला चालवू दिला. आजही तो निकाल 'एमएक्स' या दोन अक्षरांनीच ओळखला जातो आणि तो माणूस कोण होता हे कुणाला माहीत नाही. पुढे २०१७ च्या कायद्यातही, ओळख झाकून कामकाज चालवण्याची सोय न्यायालयांना करून दिली गेली. उच्च न्यायालयाला जे २८ वर्षांहून आधी जमलं, ते तुमच्या तक्रार कक्षाला जमत नाही, हे मला मान्य नाही.

शिवाय तक्रार टिकली तरी पुढे काय? संघटनेच्या स्वयंनियमनात २०२३ साली दंडाची कमाल रक्कम १ लाख रुपये होती. ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की एवढ्या दंडाचा काही धाक वाटतो का. तुमच्या संध्याकाळच्या एका तासाच्या जाहिरातींशी ही रक्कम ताडून पाहा.

चौथी तक्रार कच्च्या चित्रणाची. ते तुमच्याकडेच असतं. आम्हाला दिसतो तो कापलेला, जोडलेला, संगीत घातलेला भाग. ऑगस्ट २००७ मध्ये दिल्लीतल्या एका शाळेची गणिताची शिक्षिका मुलींना वाममार्गाला लावते, असं एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याच्या आधारे दाखवलं. जमावाने शाळेबाहेर तिला मारलं, तिचे कपडे फाडले. तिची नोकरी गेली, तिला अटक झाली. नंतर उघड झालं की ते प्रकरण रचलेलं होतं आणि चित्रातली 'विद्यार्थिनी' पत्रकारितेत पाय रोवू पाहणारी एक मुलगी होती. दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, केंद्र सरकारने ती वाहिनी महिनाभर बंद ठेवली. पण तिचे फाटलेले कपडेही लोकांनी टीव्हीवर पाहिले होते. ते कोण परत घेणार?

हे एक रचलेलं प्रकरण झालं, म्हणून सोडून देता येईल असं कुणाला वाटलं तर २००१ चं उदाहरण घ्या. संरक्षण सौद्यांवरच्या त्या गाजलेल्या छुप्या चित्रीकरणात भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण नोटा घेताना दिसले. २०१२ मध्ये त्यांना शिक्षा झाली. खरी बातमी. पण त्याच मोहिमेत सैन्यातल्या एका मेजर जनरलने लाच मागितल्याचं सांगितलं गेलं, आणि ते खोटं होतं हे ठरायला जुलै २०२३ उजाडलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि इतक्या वर्षांनंतर माफीला अर्थ उरलेला नाही, असंही म्हटलं. बावीस वर्षं. एकाच मोहिमेत एक जण दोषी सापडतो आणि दुसरा निर्दोष भरडला जातो. म्हणून मला 'आमची बातमी खरी होती' हे उत्तर पुरत नाही. ती कुणाबद्दल खरी होती, ते सांगा.

पाचवी तक्रार घराच्या उंबऱ्याची आहे, आणि ती मी मराठी माणूस म्हणून करते. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचं नाव तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. नागपूरकडचे, मराठीचे प्राध्यापक, कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या घरात घुसली आणि त्यांच्या शयनघरातलं चित्रण केलं. कोणाची लाच नव्हती, कोणावर जबरदस्ती नव्हती. दोन प्रौढ पुरुष स्वतःच्या इच्छेने एका बंद घरात होते. विद्यापीठाने निलंबित कोणाला केलं? घुसणाऱ्यांना जाब विचारण्याआधी, सिरस सरांना. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला काही महिने उरले होते. परक्या मुलखात दोन दशकं मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे आलं. आजही लॉजवरच्या धाडीत तोंड लपवून पळणाऱ्या जोडप्यांच्या मागे कॅमेरा धावतो तेव्हा मला सिरस सर आठवतात. त्या जोडप्यांनी कोणता सार्वजनिक पैसा खाल्लेला असतो?

सहावी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्याबद्दल लिहिताना पुरावा देता येत नाही आणि तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गावोगावी गळ्यात ओळखपत्र अडकवून, छुपं चित्रण करून, मग 'दाबायचं असेल तर बसून बोलू' म्हणणारे लोक फिरतात. डॉक्टर, शिक्षक, ग्रामसेवक त्यांना पैसे देतात. तुमच्यातले जे प्रामाणिक आहेत त्यांनी यावर मौन सोडायला हवं. आमच्या कर्मचाऱ्याबद्दल आम्ही गप्प राहिलो, त्याचं काय झालं ते मी वर लिहिलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई सेन्सॉरशिप मागते आहे. नाही. चित्रण करण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्यावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिल्लीत बीएमडब्ल्यू मोटारीखाली माणसं चिरडल्याच्या खटल्यातून निघालेल्या प्रकरणात फेटाळली. तसं करणं म्हणजे पूर्वनियंत्रण ठरेल, असं म्हटलं. ते मला पटतं. सरकारच्या हाती कात्री द्यायला मी तयार नाही. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर ती कात्री कुठे चालेल हे मला माहीत आहे.

खासगीपणाच्या नावाखाली काय चाललं आहे, तेही मला दिसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पत्रकारितेसाठी सवलत ठेवलेली नाही. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे ज्यांना आपण सगळे ओळखतो, त्या न्यायमूर्ती श्रीकृष्णांच्या समितीच्या २०१८ च्या मसुद्यात ती सवलत होती. २०१९ च्या विधेयकातही होती. मग ती गेली. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम असं बदललं की अधिकाऱ्याला 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढं म्हणून दार लावता येईल. आमच्या त्या कर्मचाऱ्याला कुणाकुणाचा आशीर्वाद होता हे विचारणाऱ्याला उद्या हेच उत्तर मिळेल. म्हणजे ज्याचा चेहरा दिसायला हवा तो कायद्याच्या पदराखाली, आणि माझ्या दारातली बाई उघडी. हा उलटा प्रकार थांबवायचा असेल तर पत्रकारांनी आणि आम्ही एकाच बाजूला उभं राहायला हवं. मी उभी राहीन. पत्रकारितेची सवलत परत आणा म्हणून जिथे सही लागेल तिथे करीन. पण त्यासाठी तुम्ही ती सवलत जबाबदारीने वापरता, हे मला माझ्या खोलीत बसणाऱ्या माणसांना सांगता आलं पाहिजे. आज सांगता येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या.

छुप्या चित्रणातला प्रत्येक चेहरा, आवाज, घराचा किंवा खोलीचा फलक आणि गाडीचा नंबर मुळात झाकलेला असावा. जो उघडा ठेवायचा, त्याचं कारण लेखी नोंदवावं. आज उलट आहे: सगळं उघडं, आणि झाकायला कारण लागतं.

रुग्णालय, आश्रमशाळा, वसतिगृह, निवारागृह अशा जागी छुपा कॅमेरा न्यायचा असेल तर जाण्याआधी संपादकाची लेखी परवानगी असावी, आणि दाखवण्याआधी पुन्हा एकदा, त्या बातमीवर काम न केलेल्या दुसऱ्या वरिष्ठाची. बीबीसीच्या नियमांत अशी दोनदा मंजुरी लागते, चित्रण करण्याआधी आणि प्रसारणाआधी. त्याने त्यांच्या बातम्या बंद पडलेल्या नाहीत.

प्रौढ माणसांच्या राजीखुशीच्या खासगी आयुष्यावर छुपा कॅमेरा नको. घरात नको, लॉजवर नको. याला अपवाद मला सुचत नाही.

कच्चं चित्रण पूर्ण जपून ठेवावं आणि ज्याच्यावर आरोप केला आहे त्याला, तो मागेल तेव्हा, सक्षम अधिकाऱ्यासमोर पाहता यावं.

बाधित माणसाला टोपणनावाने, किंवा वकील, डॉक्टर, समुपदेशक यांच्यामार्फत तक्रार करता यावी. चेहरा झाकण्याची विनंती आली तर २४ तासांत आधी चेहरा झाकावा, वाद नंतर घालावा. झाकायला संकलकाला दहा मिनिटंही लागत नाहीत. आणि ज्या वेळेला, जितक्या वेळा दृश्य दाखवलं, त्याच वेळेला दिलगिरी दाखवावी, मात्र त्यात ते दृश्य पुन्हा न दाखवता.

जी चॅनेलं कोणत्याच संघटनेत नाहीत, त्यांनी हे नियम स्वतःच्या पानावर जाहीरपणे स्वीकारावेत. आणि तुम्ही सर्वांनी मिळून, मानसिक आरोग्य कायद्यातलं रुग्णाच्या फोटोचं संरक्षण सगळ्या रुग्णांना मिळावं, अशी मागणी सरकारकडे करावी. माझ्यासारखीने केली तर तिची फाइल होते. तुम्ही केली तर बातमी होते.

शेवटची मागणी त्या एका वाहिनीकडे आहे. आपण कोण हे तुम्हाला हे पत्र वाचताना कळलंच असेल. ते नऊ सेकंद झाका. बातमी ठेवा, कर्मचाऱ्याचा चेहरा ठेवा, नोटा ठेवा.

मी माझ्या बाजूने जमेल ते केलं. दारावरचा लाल फितीचा फलक उतरवायला लावला, तिथे नुसता खोली क्रमांक लिहून घेतला. दोन आठवड्यांत लक्षात आलं की नवीन माणूस पोचतच नाही. पुरुषांच्या वॉर्डात जातात, प्रयोगशाळेत जातात, चार जणांना 'एचआयव्हीची खोली कुठे' असं विचारत फिरतात. ज्यांना तेवढं विचारण्याचा धीर नसतो, ते तसेच परत एसटी स्टँडवर जातात. म्हणून फलक पुन्हा लावला आहे. त्याच्यासमोर हिरव्या कापडाचा पडदा सोडला आहे, स्वतःच्या पैशाने. पॅसेजमध्ये वारा आला की तो उडतो.

आपली,
खानदेशातील एका आयसीटीसीची समुपदेशक

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी आज सकाळी पुन्हा पाहिलं. व्हिडिओ अजून तिथेच आहे. सुरू होण्याआधी एक जाहिरात लागते.